आजाऱ्याचा संत आणि आजाऱ्याची भाकर

दात ठणकू लागला तर संत अपोलोनियाला साकडे घालावे. घशात काटा अडकला तर संत ब्लेझला. डोळे अधू झाले तर संत लुसीला. आणि गावात प्लेग शिरला तर संत सेबास्तियन व संत रॉक या दोघांना. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात रोगांची आणि संतांची अशी रीतसर वाटणी झालेली होती. कोणता रोग कोणाच्या खात्यात मोडतो हे तिथल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असे. आपण श्रोत्यांनी हे ऐकून हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे पटकी मरीआईकडे होती, अंगावर फोड उठले की खुद्द 'देवी'च आली असे आपण म्हणत होतो, आणि डोळ्यांच्या दुखण्यासाठी चांदीचे डोळे वाहण्याची चाल आजही मोडलेली नाही.

या वाटणीमागे एक तर्क होता. संताचा ज्या अवयवात छळ झाला त्या अवयवाचा तो धनी. इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रिया शहरात जमावाने अपोलोनियाचे दात पाडले, म्हणून ती दातांची. सेबास्तियनला बाणांनी विंधले आणि तरी तो वाचला. प्राचीन लोक साथीला देवाने सोडलेले बाण समजत, म्हणून तो साथीचा. इ. स. ६८० च्या सुमारास इटलीतल्या पाविया शहरात साथ हटेना, तेव्हा सेबास्तियनच्या नावाने वेदी उभारली आणि मग साथ ओसरली, असे जुन्या बखरकाराने लिहून ठेवले आहे. ज्याने सोसले त्याला सोसणाऱ्याची भाषा कळते, अशी ही समजूत. कामगारांत वावरणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही. हात यंत्रात गेलेला माणूस कामगारांसमोर बोलायला उभा राहिला की आमच्या दोन तासांच्या भाषणाला जे जमत नाही ते त्याच्या दोन वाक्यांनी होते.

आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे सारे वाचन रात्रपाळी संपल्यावर, करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे संतांविषयी लिहिताना पंडितांसारखे धर्मशास्त्र सांगणे आम्हांला साधणार नाही. आम्ही एकच प्रश्न घेऊन ही पाने चाळली: संताकडे गेलेला रोगी बरा झाला, तर तो कशाने बरा झाला? आणि तिथे गेल्यावर त्याला खायला कोणी घातले?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर संत अँथनीच्या हकिकतीत सापडते. मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीच्या भागात 'संत अँथनीचा अग्नी' या नावाचा भयंकर रोग होता. हातापायांची आग होई; मग बोटे काळी पडत, वाळत आणि रक्त न सांडता गळून पडत. अकराव्या शतकात फ्रान्सच्या दोफिने प्रांतात अँथनीच्या अस्थी आणून ठेवल्या होत्या. गास्तों नावाच्या एका सरदाराचा मुलगा तिथल्या नवसाने उठला, आणि १०९५ च्या सुमारास त्या सरदाराने आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गृहस्थांचा एक संघ तिथे उभा केला. या संघाची रुग्णालये पुढे युरोपभर पसरली. पंधराव्या शतकापर्यंत त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली होती. अंगावर काळा झगा आणि त्यावर कुबडीच्या आकाराचे निळे चिन्ह, असा त्या सेवकांचा वेष होता.

रोगी इथे लंगडत येत आणि पुष्कळसे बरे होत. ही गोष्ट खोटी नाही. त्या अग्नीचे मूळ रोगट धान्यात होते. राय नावाच्या धान्यावर ओल्या हंगामात एक काळी बुरशी धरते. आपले शेतकरी बाजरीवर ती धरली की तिला अरगट म्हणतात आणि बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे दाणे काढून टाकतात. ही बुरशी पिठात दळली गेली की रक्तवाहिन्या आवळतात आणि हातपाय कुजतात. आता त्या काळचा श्रीमंत गव्हाची भाकर खाई, आणि गरीब रायची. म्हणजे अँथनीचा अग्नी हा बराचसा गरिबांचाच रोग होता. आणि दुष्काळात, जेव्हा काळा दाणा निवडून टाकण्याची ऐपत राहत नसे, तेव्हा तो फार माजे. अँथनीच्या रुग्णालयात रोग्याला काय मिळे? गव्हाची पांढरी भाकर, डुकराचे मांस, वनस्पतींचा लेप, संताच्या अस्थींवरून ओतलेले द्राक्षमद्य आणि पडून राहायला जागा. विषारी पीठ पोटात जायचे बंद झाले की शरीर आपोआप सावरू लागे. राय आणि रोग यांचा संबंध दोदार या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे मांडला तो १६७६ साली. त्याच्या आधी जवळजवळ सहाशे वर्षे संताच्या दारात योग्य तो उपचार चालू होता, आणि तो का लागू पडतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

या संघाचा खर्च कसा चाले तेही पाहण्यासारखे आहे. गळ्यात घंटा बांधलेली त्यांची डुकरे गावातून मोकळी फिरत. त्यांना कोणी हाकलत नसे, उलट घरचे उरलेसुरले घालून पोसत. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरच्या बाळूमामांचे देहावसान १९६६ साली झाले, पण त्यांच्या बकऱ्यांचे कळप अजून महाराष्ट्र-कर्नाटकात रानोमाळ फिरतात आणि आपल्या शेतात ती बसली तर शेतकरी धन्य मानतो. देवाचे जनावर सगळ्या गावाने पोसायचे, ही कल्पना दोन्हीकडे एकच. अँथनीच्या लोकांनी त्यातून रुग्णालये चालवली.

संत रॉकच्या गोष्टीतही भाकर आहेच. हा फ्रान्समधल्या मोंपेलिए गावचा यात्रेकरू. इटलीत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याला स्वतःला गाठ आली, तेव्हा कोणाला संसर्ग नको म्हणून तो रानात जाऊन पडला. तिथे एक कुत्रा रोज तोंडात भाकरी धरून त्याला आणून देई, अशी आख्यायिका आहे. म्हणून रॉकच्या मूर्तीत तो झगा बाजूला सारून मांडीवरची गाठ दाखवतो आणि पायाशी भाकरी धरलेला कुत्रा असतो. रॉकच्या नावाने व्हेनिस शहरात १४७८ साली एक बंधुसंघ निघाला. असे बंधुसंघ त्या काळी गावोगाव होते: चांभारांचा वेगळा, सुतारांचा वेगळा, आणि प्रत्येकाचा संत वेगळा. सभासद पेटीत वर्गणी टाकत. कोणी आजारी पडला तर पेटीतून त्याला मदत मिळे, मेला तर मेणबत्त्यांसह मिरवत नेऊन पुरत, मागे विधवा उरली तर तिच्याकडे पाहत. संत वर भिंतीवर आणि पेटी खाली टेबलावर! पेटीवाचून तो संत किती दिवस टिकला असता याविषयी आम्हांला शंका आहे. आणि संतावाचून लोकांनी पेटीत नियमाने पैसे टाकले असते की नाही याविषयीही आहे. वर्गणी गोळा करण्यात आमची तीस वर्षे गेली, म्हणून हे म्हणतो.

परंतु दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. साथ ही एकेकट्या रोग्याची बाब नसते. ती माणसांच्या दाटीतून पसरते, आणि संताला प्रसन्न करण्याची रीत म्हणजे मिरवणूक. व्हेनिसने १४२३ मध्येच बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी वेगळे ठाणे काढले होते, आणि दुब्रॉव्हनिक शहराने तर १३७७ मध्ये बाहेरून आलेल्यांना महिनाभर दूर ठेवण्याचा ठराव केला होता. म्हणजे दाटी वाईट हे लोकांना कळत होते. तरीही १६३० साली मिलान शहरात प्लेग असताना नगरसभेच्या मंडळींनी संत कार्लोचा देह शहरभर फिरवण्याचा आग्रह धरला. आर्चबिशपने आधी नकार दिला, मग मान तुकवली. ११ जूनला मिरवणूक निघाली आणि त्यानंतर मृत्यूंची संख्या एकदम चढली. इथे धर्माधिकारी सावध आणि पुढारी उतावीळ, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२० साली आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या, तेव्हा पुष्कळांचे डोळे भरून आले. पण ते शहाणपण होते.

हे सारे संत आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरले. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला. १५४३ साली तिथे पटकीची अशी साथ आली की रोज पंधरा-वीस माणसे पुरावी लागत, आणि लोक घाबरू नयेत म्हणून मृत्यूची घंटा वाजवण्यास गव्हर्नराने बंदी केली. आल्या संकटात संताला हाक मारायची ती घंटाच बंद! याच गव्हर्नराने एका मृताचे पोट वैद्यांसमोर चिरवून पाहिले, अशीही नोंद आहे. एकीकडे चर्चमध्ये प्रार्थना आणि दुसरीकडे हे शवविच्छेदन, दोन्ही एकाच गावात एकाच साथीत चालले होते. त्या रोगाचे नाव पोर्तुगीजांनी आपल्याकडूनच घेतले. आपण 'मोडशी' म्हणतो ना, त्याचे त्यांनी 'मोर्देशीं' केले, आणि फ्रेंचांनी ते ऐकून त्याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा लावला!

गोव्यात राजाचे मोठे रुग्णालय होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला तो पहिल्याने आजाऱ्यांच्या सेवेलाच लागला. पुढे जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्या रुग्णालयाची कीर्ती इतकी झाली की पिरार नावाचा एक फ्रेंच खलाशी १६०८ साली तिथे रोगी म्हणून पडला, आणि चांदीच्या भांड्यांतून मिळालेल्या जेवणाचे वर्णन करताना त्याची लेखणी थकत नाही. पण हे रुग्णालय गोऱ्या शिपायांसाठी होते. इथल्या गोरगरिबांची सोय वेगळी आणि पुष्कळ हलकी होती. शिवाय चांदीच्या भांड्याने पाणी शुद्ध होत नाही. जुन्या गोव्याची जमीन सच्छिद्र, विहिरी आणि शौचकूप शेजारी शेजारी. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत एकट्या त्या रुग्णालयात पंचवीस हजार शिपाई मेले असा हिशेब इतिहासकार देतात. अखेर ते वैभवशाली शहर ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. चर्चे तिथेच राहिली, माणसे निघून गेली.

याच गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा थोर वैद्य होता. त्याने १५६३ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने ग्रंथ छापला आणि त्यात मोडशीचे वर्णन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केले. तो जन्माने ज्यूंच्या वंशातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. एका संताची हाडे रोग बरे करतात म्हणून पुजायची आणि एका वैद्याची हाडे जाळायची, हे त्या शतकाचे चित्र आम्हांला विसरता येत नाही. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसवर आणून ठेवली. तथापि मोठमोठे अधिकारी आणि पाद्री आपल्या दुखण्याला याच वैद्यांना बोलावीत. आजारपणात माणूस आपल्या मताशी फार काळ प्रामाणिक राहत नाही.

लोकांनी मात्र आपली वाट आपणच काढली. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू तेल वाहतात, कारण ती शिरगावच्या लईराईची बहीण आहे असे लोकांनी ठरवून टाकले आहे. आमच्या कागलात गैबी पिराच्या उरसाला कोण कोणत्या धर्माचा हे विचारायची सोय नाही, त्यातलाच हा प्रकार. मुंबईत वांद्र्याच्या डोंगरावर, मोत माउलीच्या जत्रेत, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकत मिळतात. ज्याचा जो अवयव दुखतो तो त्याने वाहायचा. मध्ययुगात युरोपात हेच होते. कुठेकुठे रोग्याच्या उंचीइतक्या लांब वातीची मेणबत्ती करून संतापुढे लावत.

वांद्र्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वसई-साष्टीचा भाग १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिथले मूळचे ख्रिस्ती रहिवासी, ज्यांना आज ईस्ट इंडियन म्हणतात, घरात मराठीच बोलत आले. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला आणि पसरत वांद्र्यापर्यंत पोहोचला. तेव्हा या लोकांनी पाखाडीच्या तोंडाशी, नाक्यावर, विहिरीजवळ दगडी क्रूस उभारले. त्यांतल्या कित्येकांवर सन कोरलेले आहे, आणि वांद्र्यातल्या एका रस्त्याला संत रॉकचे नाव आजही आहे. संध्याकाळी शेजारचे लोक या क्रुसापाशी उघड्यावर जमून रोझरी म्हणत. मेलेल्यांचा आकडा ऐकत बंद घरात बसण्यापेक्षा शेजाऱ्यांचा आवाज ऐकणे त्यांना बरे वाटले असेल तर त्यात नवल नाही.

त्याच साथीत हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लाखो लोक मुंबई सोडून गेले, गिरण्या ओस पडल्या, आणि राहिलेल्या कामगारांना मालक नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. माणूस महाग झाल्यावर त्याची किंमत कळली. सरकारने मात्र लष्कर घरांत घालून लोकांना ओढून काढले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडच्या खुनाने झाला. आमच्याकडे १८९८-९९ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्लेग आला तेव्हा कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज अवघे पंचविशीत होते. त्यांनीही गावे रिकामी करवली, माळावर झोपड्या घालायला लावल्या. पण माणसे समजावून बाहेर काढली. उपाय दोन्हीकडे एकच. एका ठिकाणी लोक बिथरले आणि दुसऱ्या ठिकाणी बिऱ्हाड घेऊन निघाले.

आता आमच्या वसाहतीकडे वळतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने आहेत. त्यांतल्या कामगारांना ज्या संताची माहिती असायला हवी ती संत बार्बरा. ती खाणकामगारांची. बोहेमियातल्या कुटना होरा या चांदीच्या खाणींच्या गावी १३८८ साली तिच्या नावाने मोठे चर्च बांधायला घेतले. अवचित मृत्यूपासून ती राखते अशी श्रद्धा. पण खाणीतला मृत्यू नेहमी अवचित येत नाही. आग्रिकोला या जर्मन वैद्याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या ग्रंथात लिहिले आहे की कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळ अशा बायका आहेत, ज्यांचे सात सात नवरे धुळीने छाती कोरून मेले. त्याने उपायही सांगितले: खाणीत हवा खेळती ठेवणारे पंखे, आणि तोंडावर सैल फडके. खाणीतली भुते प्रार्थनेने आणि उपासाने घालवावीत असेही त्याच ग्रंथात आहे. आम्ही त्याबद्दल त्याला दोष देत नाही. पंखा सांगितला हे पुष्कळ झाले. ओतकामाच्या वाळूतली धूळ तीच, छातीत बसते तशीच. सिलिकोसिस हे नाव १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत आले. तरी आमच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात धूळ ओढणारा पंखा कित्येक महिने बंद होता आणि यंत्राजवळ देवाची तसबीर मात्र ताज्या हारासकट होती, हे आम्ही पाहिलेले आहे. हार कामगारांनी आपल्या पैशाने आणलेला होता. पंखा दुरुस्त करणे त्यांच्या हाती नव्हते.

पेटीची गोष्ट राहिली. इंग्लंडात १५४७ साली राजा सहाव्या एडवर्डच्या राजवटीत एक कायदा होऊन बंधुसंघांची धार्मिक मालमत्ता सरकारजमा झाली. कारण सांगितले अंधश्रद्धेचे. संत भिंतीवरून उतरला, हे एक वेळ असो. पण त्याच्याबरोबर कित्येक ठिकाणी आजाऱ्याची पेटीही गेली. ती पुन्हा भरायला कामगारांना अडीचशे वर्षे लागली: १७९३ साली इंग्लंडात मदतमंडळांना कायद्याची मान्यता मिळाली, १८८३ मध्ये जर्मनीत आजारविमा सक्तीचा झाला. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कारखान्यातल्या कामगारांच्या आजारविम्याचा अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली इथे योजना सुरू झाली. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळावी, ही तिची तरतूद. वर्गणी मालकाचीही आणि कामगाराचीही. २०१९ साली ती मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी ठरली. व्हेनिसच्या चांभाराला यातले फारसे काही नवे वाटले नसते, मालकाची वर्गणी सोडली तर.

एवढे असूनही माणूस पहिल्याने आदमापूरला जातो किंवा गैबीला फातेहा देतो. शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. आम्हांला त्यात हिशेब दिसतो. देवाला हजेरीपट लागत नाही, ठेकेदाराचा शिक्का लागत नाही, आणि तिथे प्रसादाला भात-आमटी मिळते. दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाचा खाडा. ठेकेदाराकडच्या माणसाचा खाडा झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून छातीत दुखू लागले तरी तो रविवारची वाट पाहतो, आणि रविवारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग बंद आणि देऊळ उघडे असते.

नवस फेडायला निघालेल्या माणसाला आम्ही अडवत नाही. जाताना त्याला एवढेच विचारतो, की तुझा विम्याचा नंबर काढला आहे का. पुष्कळांना नंबर म्हणजे काय हेच ठाऊक नसते. आणि पगारातून पाऊण टक्का मात्र दर महिन्याला कापलेला असतो.